जमिनीवरची पाने

पत्ते म्हटले की आपल्या घरांतून पहिला शब्द निघतो तो जुगार. दुसरा शब्द निघेपर्यंत गड्डी चुलीत गेलेली असते. आमच्या मोहल्ल्यात आमच्या वयाच्या बहुतेक पोरांची पहिली गड्डी अशीच जळाली. कॅरमला माफी होती, बुद्धिबळाला तर मान होता, पण पत्त्यांना दाराच्या आत जागा नव्हती. कारण विचारले तर दादी सांगत, पत्त्यांत शैतान बसलेला असतो. नेमका कोणत्या पानात, हे मात्र त्या कधी सांगत नसत. आमचा संशय किलवरच्या गुलामावर होता.

असे असूनही आम्ही चौघे १९८९ पासून रविवार दुपारी पत्ते खेळत आलो आहोत, आणि तेही मोहल्ल्यात नव्हे, तर गासला. आमच्यातले दोघे सोपाऱ्याचे मुसलमान, एक गासचे वाडीवाले म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, आणि चौथे उमराळ्याचे मास्तर, सामवेदी ब्राह्मण. ओळख कशी झाली ते सांगत बसलो तर लेख तिथेच संपेल. नालासोपारा स्टेशनची सायकल स्टँड, सकाळची लोकल आणि चर्चगेटपर्यंतचा रोजचा प्रवास एवढे सांगितले की वसईकर वाचकाला उरलेले आपोआप कळेल.

ज्यांनी गास पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सोपाऱ्याहून सायकलने पंधरा मिनिटे. अरबी प्रवाशांच्या ग्रंथांत आमचे सोपारा 'सुबारा' नावाने येते. त्या काळी ते मोठे बंदर होते, आज खाडी गाळाने भरली आहे आणि बंदराची जागा बिल्डिंगांनी घेतली आहे. गास मात्र अजून बरेचसे वाड्यांचे गाव आहे. केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला आणि मधूनमधून बावखले. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारा खड्डा, विहिरीपेक्षा उथळ आणि तळ्यापेक्षा लहान. उन्हाळ्यात वाडीला तेच पाणी पुरते. आमचा अड्डा अशाच एका बावखलाकाठच्या घराच्या पडवीत. चटई टाकलेली, मध्ये पत्ते, बाजूला वहिनींनी ठेवलेली सुकेळी आणि काळा चहा. वहिनी पहिल्या रविवारीच म्हणाल्या होत्या, "भाऊ, माझ्या भांड्यांची काळजी करू नका, तुमचे कप वेगळे ठेवलेत." पुढे ते कप कधी वेगळे राहिले आणि कधी मिसळले हे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही.

खेळ कोणता, तर सीप. हा खेळ मूळचा आपल्याकडचा नव्हे. महाराष्ट्रात मेंढीकोट, लाडीस, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन हे खेळ घरोघर. सीप पंजाबचा, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या पंजाबचा. आमच्यातला एक १९८१ ते १९८८ शारजात नोकरीला होता. खोलीत सहा खाटा, त्यात एक जालंधरचा आणि दोन फैसलाबादचे. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की जेवण आणि जेवणानंतर सीप. तीन देशांचे पासपोर्ट एका खाटेखालच्या पेटीत आणि खाटेवर एक गड्डी. तो परत आला तेव्हा सोबत टेपरेकॉर्डर आणला, घोंगडी आणली आणि हा खेळ आणला. टेपरेकॉर्डर दोन वर्षांत बंद पडला.

पत्त्यांच्या अभ्यासकांनी जगातल्या खेळांची घराणी पाडली आहेत. त्यात एका घराण्याला ते मासेमारीचे खेळ म्हणतात. काही पाने जमिनीवर उघडी पडलेली असतात, तेच मासे. हातातले पान हा गळ. गळ टाकायचा, जुळले तर मासा आपला, नाही जुळले तर गळच पाण्यात राहतो आणि दुसऱ्याचा मासा होतो. चीनमध्ये तर अशा खेळांचे नावच मासे धरणे आहे. आम्ही हे सांगितले तेव्हा वाडीवाले हसून म्हणाले, "म्हणजे लहानपणी आम्ही बावखलावर करायचो तेच की. फक्त गांडूळ कमी."

सीपचे नियम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे समजणार नाही. चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू. एक्का एकाचा, गुलाम अकराचा, राणी बाराची, बादशहा तेराचा. जमिनीवर पंजी आणि चव्वी पडली असेल आणि आपल्या हातात नव्वी असेल तर दोन्ही उचलायची. किंवा घाई न करता हातातली चव्वी जमिनीवरच्या पंजीवर ठेवायची आणि जाहीर करायचे, हे नवाचे घर. घर नऊ ते तेरा एवढ्याच आकड्यांचे बांधता येते, आणि बांधणाऱ्याच्या हातात त्या आकड्याचे पान असलेच पाहिजे. हे कच्चे घर. पुढच्याने त्यावर दुर्री टाकून ते अकराचे केले की घर त्याचे, अर्थात त्याच्याकडे गुलाम असेल तर. पण आपल्या भिडूने त्याच घरावर आणखी नऊ चढवले, मग ती एक नव्वी असो की छक्की आणि तिर्री, की घर पक्के झाले. पक्के घर कोणी मोडू शकत नाही. मात्र ज्याच्याकडे नव्वी आहे तो ते उचलून नेऊ शकतो. म्हणजे घर मोडायची भीती गेली तरी जायची भीती राहतेच. वसईत राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

गुण इस्पिकचे, पानाच्या आकड्याइतके. तेरा पानांचे मिळून एक्क्याण्णव. बाकीचे तीन एक्के प्रत्येकी एक, आणि चौकटच्या दश्शीला सहा. झाले शंभर. जमीन एका झटक्यात साफ केली तर ती सीप, तिचे पन्नास वेगळे. इटलीत याच घराण्यातल्या खेळाला स्कोपा म्हणतात, म्हणजे झाडू. आपला सीपही जमीन झाडूनच नेतो.

लहानपणी आम्ही चोरून जो भिकार-सावकार खेळत असू तो याचाच दूरचा गरीब नातेवाईक म्हटला पाहिजे. आमच्याकडे तो असा खेळत: गड्डी उपडी धरायची, एकेक पान टाकायचे, आधीच्या पानाशी जुळले की ढीग आपला. तुर्कस्तानात पिश्ती नावाचा खेळ साधारण असाच चालतो, फक्त तिथे पाने हातात उघडी असतात आणि कोणते टाकायचे हे आपण ठरवतो. एवढ्या एका फरकाने पोरांचा खेळ मोठ्यांचा होतो. आणि मेंढीकोटाशी तुलना केली तर सीपची गंमत आणखी कळते. मेंढीकोटात मोठे पान लहानाला मारते, हुकूम सगळ्यांना मारतो. सीपमध्ये कोणी कोणाला मारत नाही. दुर्री, तिर्री आणि पंजी मिळून दश्शीची बरोबरी करतात. आम्हा लोकल ट्रेनच्या सेकंड क्लासवाल्यांना हा खेळ आवडला यात नवल नाही.

एक अडचण सुरुवातीलाच आली. वाडीवाले आणि मास्तर, एक ख्रिस्ती आणि एक ब्राह्मण, पण दोघांची घरची बोली एकच, कादोडी. ते भिडू झाले की डावात कादोडीतून काहीतरी पुटपुटत आणि लगेच दश्शी पडे. आम्ही सोपाऱ्याचे दोघे भिडू झालो की आमची घरची बोली चाले. शेवटी करार झाला, खेळताना फक्त पुस्तकी मराठी. परिणाम असा झाला की त्या पडवीत जेवढे शुद्ध मराठी बोलले गेले तेवढे मास्तरांच्या शाळेतही बोलले गेले नसेल. "कृपया आपले पान टाकावे" हे वाक्य आम्ही त्या काळात हजार वेळा ऐकले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे जुगाराकडे. आम्ही पहिल्या दिवसापासून एक पैसा लावला नाही. तरी मोहल्ल्यात कुजबुज होतीच. अब्बांचे म्हणणे होते की पैसा आज नाही, उद्या येईल. कुरआनात सूरह बकरा आणि सूरह माइदा दोन्हीकडे मैसिरचा उल्लेख दारूच्या जोडीने येतो, हे त्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवले होते, आणि त्याबद्दल आमचे दुमत नव्हते आणि नाही. प्रश्न होता तो पैशाविना खेळाचा. आपण कोकणी मुसलमान शाफई मसलकचे. शाफई फिक्हमध्ये बुद्धिबळ मकरूह आहे, हराम नाही, आणि फाशांचा खेळ, नर्द, हराम आहे. पुढच्या शाफई फुकहांनी यातून एक कसोटी काढली: खेळ विचारावर आणि हिशोबावर चालतो की नुसत्या नशिबावर? बऱ्याच उलेमांनी या कसोटीवर पत्त्यांना नशिबाच्या बाजूला टाकले. फतवा देणे हे आमचे काम नाही. पण ज्या पत्त्यांना त्यांनी नशिबाच्या बाजूला टाकले त्यात सीप होता का, असे आम्ही आमच्या मनाला विचारत असू. बावन्न पानांपैकी कोणती पडली, कोणती उरली, कोणाच्या हातात काय असेल, हे शेवटच्या चार पानांपर्यंत डोक्यात धरून चालावे लागते. हे नशीब कसे?

गमतीची गोष्ट अशी की हीच कसोटी देशाच्या कायद्यानेही लावली आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही असे त्यातच म्हटले आहे. आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबात चाललेल्या रमीचा खटला आला तेव्हा न्यायालयाने सांगितले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. त्या क्लबाचे नाव क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोर. ही माहिती मास्तरांनी कुठून तरी शोधून आणली आणि आम्ही ती घरी जाऊन सांगितली. अब्बा म्हणाले, "सुप्रीम कोर्ट शाफई आहे का?" विषय संपला. तरी त्या दिवसापासून अम्मी रविवारी दुपारी जेवण अर्धा तास लवकर वाढू लागल्या, एवढे नमूद करायला हवे.

मास्तरांना असल्या शोधांचा नादच होता. पत्ते मुळात कोणाचे यावरून एकदा पडवीत वाद झाला. हा परदेशी, गोऱ्या साहेबाचा खेळ असे आम्ही धरून चाललो होतो. मास्तरांनी पुढच्या रविवारी वही उघडली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या ममलूक काळातल्या पत्त्यांचा जवळजवळ पूर्ण संच आहे. १९३१ साली मायर नावाच्या अभ्यासकाच्या तो नजरेस आला. त्यात प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग. वरची पाने तीन: मलिक, नायब मलिक आणि दुसरा नायब. राणी नाही. आणि एकाही पानावर माणसाची तसवीर नाही, फक्त नक्षी आणि सुंदर अक्षरात लिहिलेली पदवी. या नायबवरूनच स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत पत्त्यांना नाइपे हा शब्द गेला. इकडे बाबराने आपल्या आठवणींत १५२७ साली सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. सावंतवाडीचा गंजिफा त्याच गोतावळ्यातला. म्हणजे ज्या गड्डीला दादी शैतानाचे घर म्हणत, तिचा खानदानी रस्ता काहिराहून निघाला होता. आम्ही हे दादींना सांगितले नाही. काही गोष्टी माहीत असणे पुरेसे असते.

पोर्तुगीज वसईला १५३४ मध्ये आले, गुजरातच्या बहादूरशाहकडून हा मुलूख घेऊन, आणि १७३९ पर्यंत राहिले. त्यांच्या गलबतांबरोबर पत्ते जपानपर्यंत गेले. जपानी भाषेत पत्त्यांना आजही करुता म्हणतात, तो पोर्तुगीज 'कार्ता'च. त्याच वाटेने वसईचा एक माणूसही गेला होता, गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झालेला. वाडीवाल्यांच्या घरात त्यांची तसबीर आहे. वाडीवाल्यांचा मुलगा पर्यटक जहाजावर कामाला होता. त्याने एकदा जपानच्या बंदरातून हानाफुदाची गड्डी आणली. अठ्ठेचाळीस लहान जाड पाने, बारा महिन्यांची, दर महिन्याचे एक फूल किंवा झाड. मार्चला चेरी, मेला आयरिस, सप्टेंबरला शेवंती. जमिनीवरचे पान त्याच महिन्याच्या पानाने उचलायचे. तोही मासेमारीचाच खेळ. ही फुलांची पाने बनवण्यासाठी १८८९ साली क्योतोत एक दुकान निघाले, त्याचे नाव निन्टेन्डो. आमची नातवंडे ज्या नावावर जीव टाकतात ते हेच. वाडीवाले मोगऱ्याचे शेतकरी. त्यांनी सगळी पाने उलटीपालटी केली आणि नाराजीने म्हणाले, "मोगरा नाही. यांना फुलांतले काय कळते?" पुन्हा सीप सुरू झाला.

रविवार कधी बंद पडले, तेही सांगितले पाहिजे. रमजानमध्ये आम्ही खेळत नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस वाडीवाले खेळत नाहीत. मास्तरांना श्रावणात पत्ते चालतात, कांदा चालत नाही. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला आला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला, त्यामुळे एकाच सुट्टीत दोन्ही आटोपले. पूर्वी ही दोन अंतरे वेगळी पडत आणि वर्षातले अडीच महिने गड्डी कपाटात राही.

आणि एकदा ती कोणाच्याच धर्मासाठी नव्हे, तर धर्माच्या नावाने बंद पडली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबई जळत होती. लोकलमध्ये आम्ही दोघे सोपाऱ्याचे नाव विचारले जाईल या भीतीने गप्प बसत असू, पुढे जाणेच थांबवले. गासला जाण्यात धोका नव्हता, पण पाय निघत नव्हते. आपल्यामुळे त्यांना त्रास नको हा एक विचार, आणि त्यांना आता काय वाटत असेल हा दुसरा. पाच रविवार असे गेले. सहाव्या रविवारी वाडीवाले सायकलवरून मोहल्ल्यात आले. हँडलला केळ्यांचा फणा आणि सदऱ्याच्या खिशात गड्डी. अब्बा ओट्यावर बसले होते. वाडीवाल्यांनी त्यांना सलाम केला आणि म्हणाले, "चाचा, पोरांना पाठवा. नाहीतर आम्ही इथेच डाव मांडतो." अब्बांना दोन संकटांतून एक निवडायचे होते. त्यांनी आम्हाला पाठवले.

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. गावे वगळा या मागणीने पश्चिम पट्टा पेटला तेव्हाही पडवीत खडाजंगी झाली. सोपाऱ्याला नळाचे पाणी हवे होते, गासला बावखले वाचवायची होती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. त्या काळात डाव कमी आणि भाषणे जास्त झाली. त्यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते या पानांवर नको.

जे लिहायला बसलो ते आता लिहितो.

आमच्या चौघांत सर्वांत पक्का खेळाडू वाडीवाले. शाळा सातवीपर्यंत, पण शेवटची चार-चार पाने उरली की ते डोळे मिटून सांगत: तुझ्याकडे इस्पिकची राणी आहे आणि दोन सत्त्या आहेत, मास्तरांकडे दश्शी अडकली आहे. विचारले, कसे जमते, तर म्हणत, "वाडीत किती पानवेली, कुठली कधी लावली, हे लिहून ठेवतो का आम्ही?" २०१७ च्या पावसाळ्यात एका डावात त्यांनी दोनदा विचारले, चौकटची दश्शी गेली का. आम्ही हसलो. त्याच महिन्यात त्यांनी अकराचे घर बांधले आणि हातात गुलाम नव्हता. सीपमध्ये हा मोठा गुन्हा, त्याचा दंड ठरलेला. आम्हाला वाटले, म्हातारा चावटपणा करतो आहे. मग एकदा जमीन साफ व्हायला समोर एकच बादशहा होता, हातात बादशहा होता, आणि त्यांनी दुर्री टाकली. त्या दिवशी कोणी हसले नाही. मुलीने मुंबईला नेऊन तपासण्या केल्या. विसरण्याचाच आजार निघाला, ज्यावर औषध फक्त वेग कमी करण्यापुरते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दीड वर्षाहून अधिक काळ बैठक नाही. पुन्हा गेलो तेव्हा वहिनींनी दारातच सांगितले, नावे विचारू नका, त्यांना त्रास होतो. ते खाटेवर बसून होते. आम्हाला पाहून नम्रपणे हात जोडले, परक्याला जोडावेत तसे. आमच्यातला शारजावाला तिथेच रडू लागला. मास्तरांनी चटई अंथरली, गड्डी पिसली आणि त्यांच्यापुढे काटायला धरली. त्यांनी काटली. चार पाने हातात घेतली, रंगाप्रमाणे लावली, इस्पिक डावीकडे, जसे तीस वर्षे लावत होते. मग समोर पाहून म्हणाले, "भिडू, तू जाड झालास."

त्यानंतर आमच्यात मतभेद झाले, आणि ते सोपे नव्हते. एकाचे म्हणणे, त्यांना झेपेल असा खेळ खेळू. भिकार-सावकार मांडून पाहिला. त्यांनी दोन पाने टाकली आणि ढीग ढकलून दिला, "हा पोरांचा खेळ." दुसऱ्याचे म्हणणे, सीपच खेळू पण त्यांना जिंकू देऊ, त्यांची घरे मोडायची नाहीत. मास्तर संतापले. म्हणाले, "तीस वर्षे ज्याने तुम्हाला धूळ चारली त्याला दान देणार? त्याला पाने आठवत नसतील, अपमान कळतो." मास्तरांचेच खरे ठरले. एकदा त्यांचे कच्चे घर आम्ही मुद्दाम सोडले तेव्हा ते बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि पाने खाली ठेवून आत गेले. तेव्हापासून डाव सरळ खेळतो. घर मोडता आले तर मोडतो. फक्त हातात पान नसता घर बांधले तर दंड लावत नाही. त्यांचा भिडू दर बाजीला बदलतो, म्हणजे हार प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येते.

खेळात पैसे असते तर हा माणूस त्या चटईवरून केव्हाच उठला असता. कोणी वाईट हेतूने उठवले नसते. हरणारा भिडू आठवड्याला शे-दोनशे रुपये किती दिवस भरणार? चांगल्या शब्दांत, आदराने, दुसरा चौथा शोधला गेला असता. मैसिरची मनाई कशासाठी आहे याची पुस्तकी उत्तरे आम्ही लहानपणापासून ऐकली होती. हे एक उत्तर मात्र पडवीत बसून कळले.

पण दुसरीकडे आमचा जुना युक्तिवादही अडचणीत आला. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मशिदीच्या पायऱ्यांवर आम्हाला गाठले. आयुष्यभर ते आमच्या पत्त्यांवर नाराज. म्हणाले, "तुम्ही म्हणायचा, हिशोबाचा खेळ आहे, आठवणीचा खेळ आहे. आता त्या माणसाला आठवत नाही. त्याच्यापुरता तर तो नर्दच झाला. मग आता कशाला जाता?" प्रश्न बरोबर होता. फिक्हच्या कसोटीनेही आणि सुप्रीम कोर्टाच्या कसोटीनेही. आम्ही म्हणालो, इयादतीला जातो, आजाऱ्याची विचारपूस सवाबाचे काम आहे. ते म्हणाले, "इयादतीला पत्ते कशाला लागतात?"

आम्ही म्हणालो, "पत्ते नसले की तो आम्हाला ओळखत नाही."

ते काठी टेकून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मगरिबच्या आत घरी येत जा. त्या रस्त्याला दिवे नाहीत."

आता वाडीवाल्यांच्या मागे त्यांचा नातू बसतो, आठवीतला. आजोबांची पाने तो पाहतो, पण बोलत नाही, तशी सक्त ताकीद आहे. कधी कधी त्याचे बोट नकळत एखाद्या पानाकडे जाते आणि मास्तर खाकरतात. पुस्तकी मराठीचा करार अजून चालू आहे, मात्र वाडीवाल्यांना तो आठवत नाही. ते आता फक्त कादोडीत बोलतात, आणि आम्हा सोपाऱ्याच्या दोघांना इतक्या वर्षांनी ती बऱ्यापैकी कळू लागली आहे. गुणांच्या वह्या अकरा झाल्या. बाराव्या वहीत मास्तर तारीख लिहितात, कोण कोणाचा भिडू ते लिहितात, आणि गुणांचा रकाना भरतात, तोही प्रामाणिकपणे. गेल्या रविवारी वाडीवाले आणि शारजावाला भिडू होते. एकशे बारा गुणांनी हरले. मधल्या डावात वाडीवाल्यांनी जमिनीवरची छक्की आणि चव्वी दश्शीने उचलली, जमीन साफ झाली, आणि ती दश्शी चौकटची होती. पन्नास आणि वर सहा. ते काय झाले हे त्यांना कळले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी पाने उचलून नीट रचली आणि चहा मागितला.